इस्रायली खाऊवर लिहाल तेव्हा अलिबागलाही विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इस्रायलमधल्या लोकप्रिय खाऊवर पानभर मजकूर आला. फोटो सुरेख होते आणि हा विषय मराठीत कुणी घेतला याचा आनंद झाला. पण कृती वाचत गेले तसं मन खट्टू होत गेलं. सामानाच्या यादीत डबाबंद उकडलेले चणे, तिळाच्या वाटणाची, म्हणजे ताहिनीची, परदेशी बाटली, झातरचं पाकीट, महागडं ऑलिव्ह तेल. यातलं निम्मं आमच्या अलिबागच्या बाजारात मिळत नाही आणि जे मिळतं त्याच्या किमतीत घरात चार दिवसांची मासळी येते. वाचणारीने पान मिटून ठेवावं, दुसरं काय करणार? त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. एवढ्या मजकुरात बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, हे नाव एकदाही आलं नाही. इस्रायलचा खाऊ मराठीत सांगायचा आणि ज्या किनाऱ्यावरून हजारो मराठी बोलणारी माणसं त्या देशात गेली त्या किनाऱ्याचा उल्लेखही करायचा नाही, हे मला पटलं नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. काटछाट करावी लागली तर माझ्याबद्दलचा भाग काढा, पदार्थांचा ठेवा.

माझं माहेर अलिबागचं, इस्राएल आळीच्या जवळचं. लग्नानंतर नागावात आले. घराला लागून दोन खोल्या आहेत, त्यांत पर्यटक उतरतात आणि त्यांचा नाश्ता-जेवण मी करते. माहेरी शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं. त्या घरातल्या काकूंना आम्ही सगळे मावशीच म्हणायचो. त्यांची मुलगी, माझ्यापेक्षा वयाने मोठी म्हणून माझी ताई, लग्न करून इस्रायलला गेली आणि आता अश्दोदला असते. ती गावी आली की माझ्या स्वयंपाकघरात येतेच. इस्रायली खाण्याचं मला जे काही येतं ते तिने ओट्यापाशी उभं राहून शिकवलेलं आहे, आणि तेही आपल्या वाण्याकडच्या सामानात.

सुरुवात फलाफलपासूनच, म्हणजे चण्याच्या तळलेल्या गोळ्यांपासूनच करते, कारण आपल्या पानावरची सगळ्यात मोठी अडचण तिथेच आहे. आपण डब्यातले शिजलेले चणे वाटून गोळे करायला सांगितले आहेत. असे गोळे तेलात फुटतात. मग फुटू नयेत म्हणून मैदा घाला, ब्रेडचा चुरा घाला, आणि शेवटी जे बनतं त्याला चण्याची चवच राहत नाही. ताईने मला पहिलं वाक्य हेच सांगितलं होतं, "बाय, चणे शिजवायचे नाहीत हां. नुसते भिजव." काबुली चणे रात्रभर, बारा तास तरी भरपूर पाण्यात भिजवायचे, निथळायचे आणि कापडावर पसरून कोरडे करायचे. मग कांदा, लसूण, मूठभर कोथिंबीर, जिरं, धने आणि मीठ घालून मिक्सरला थांबून थांबून फिरवायचे. वाटण भरड हवं. डाळवड्याला वाटतो त्याहून थोडं बारीक, पण लगदा नाही. मुठीत दाबलं की गोळा धरला पाहिजे. कच्च्या चण्यातला स्टार्च तेलात शिजताना फुलतो आणि गोळा आतून बांधला जातो. आधीच शिजलेल्या चण्यात तो फुलून बसलेला असतो, वर पाणीही जास्त, त्यामुळे बांधायला काही उरत नाही. कारण कळलं की मैद्याची गरजच संपते. वाटण तासभर गार ठेवायचं, खाण्याचा सोडा चिमूटभर आणि तोही तळायच्या अगदी आधी. तेल मध्यम तापलेलं असावं. फार कडक असेल तर बाहेरून काळपट आणि आतून कच्चं राहतं. गोळा लिंबापेक्षा मोठा नको.

कांदा मी अलिबागचा पांढरा वापरते. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे हे आपल्याच वर्तमानपत्रात वाचलं होतं. गोडसर असतो आणि फलाफलमध्ये उग्र लागत नाही. लाल कांदा असेल तर चिरून थोडा वेळ मीठ लावून पिळून घ्यावा.

इथे एक गोष्ट नीट लिहायला हवी, कारण आपल्या पानावर ती नव्हती. फलाफल आणि हम्मस (शिजवलेले चणे ताहिनीबरोबर वाटून केलेलं) आज इस्रायलमध्ये रस्तोरस्ती मिळत असले तरी ते त्या सबंध भागाचे पदार्थ आहेत. पॅलेस्टाइन, लेबनॉन, सीरिया, इजिप्त, सगळीकडच्या घरांत ते शिजतात. इजिप्तमध्ये फलाफल चण्याऐवजी बाकला म्हणतात त्या मोठ्या शेंगबियांचं करतात आणि त्याला तामिया म्हणतात. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या ज्यूंनी ते तिथल्या अरबांकडून आणि अरब देशांतून आलेल्या आपल्या माणसांकडून घेतलं. ताईच्या शेजारी मोरोक्कोहून आलेलं कुटुंब आहे, समोर येमेनी, खाली इराकी. प्रत्येकाच्या आजीचा डबा वेगळा. इस्रायली खाऊ म्हणजे असे पुष्कळ डबे एका टेबलावर आलेले आहेत, आणि कुठला डबा कुणाचा हे सांगितल्याशिवाय कृती देऊ नये असं मला वाटतं.

आता ताहिनी. तीळ आपल्याकडे संक्रांतीला किलोने येतात, मग बाटली कशाला विकत घ्यायची? पांढरे सोललेले तीळ मंद आचेवर भाजायचे. रंग बदलू द्यायचा नाही, नुसता वास सुटला की उतरवायचे. लाल झाले की कडू होतात. कोमट असतानाच मिक्सरमध्ये वाटायचे, गरज वाटली तर चमचाभर तेल. आधी कूट होतं, मग गोळा, आणि धीर धरून फिरवत राहिलं की तिळाचं स्वतःचं तेल सुटून पातळ धार पडते. हे काचेच्या बरणीत महिना-दोन महिने फ्रिजमध्ये राहतं. वापरताना त्यात लिंबाचा रस, वाटलेला लसूण, मीठ आणि थंडगार पाणी थोडं थोडं घालायचं. पाणी पडल्याबरोबर ते घट्ट होतं, दगडासारखं. तिथे घाबरून पुष्कळ जणी सोडून देतात. आणखी पाणी घालून फेटत राहिलं की एकदम मोकळं होतं आणि रंग दुधाळ येतो. हम्मसलाही हीच ताहिनी. फक्त त्यासाठीचे चणे चिमूटभर सोडा घालून कुकरला अगदी मऊ शिजवायचे, बोटाने दाबले की विरघळले पाहिजेत. सालं वर येतील ती काढून टाकायची.

हे सगळं पिटामध्ये भरून खातात. पिटा म्हणजे यीस्टचं पीठ भिजवून फुगवलेली जाडसर पोळी. ओव्हन लागत नाही. तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्ही बाजू शेकून फुलक्यासारखी आचेवर धरली की टम्म फुगते आणि आत खिसा तयार होतो. पर्यटकांची घाई असेल तेव्हा मी सरळ बेकरीतला लादीपाव वापरते.

पण माझ्या मते या सगळ्या खाऊत आपल्या माणसांना सर्वांत जवळचा जो पदार्थ, तो आपल्या पानावर नव्हताच. साबीख. याची हकिकत मोठी आहे. इराकमधल्या ज्यूंच्या घरी शनिवारी, म्हणजे शब्बाथला, चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारीच वांग्याच्या चकत्या तळून ठेवायच्या, अंडी मंद निखाऱ्यावर रात्रभर ठेवून तपकिरी होईतो शिजवायची, आणि शनिवारी सकाळी ती गार वांगी, अंडी, बारीक चिरलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर असं खायचं. १९५०-५१च्या सुमारास इराकमधून लाखाहून अधिक ज्यू इस्रायलला गेले. त्यांच्याबरोबर हा नाश्ताही गेला. पुढे १९६०च्या दशकात रामत गान शहरात तो पिटात भरून टपरीवर विकला जाऊ लागला आणि आता देशभर मिळतो. वरून ताहिनी आणि, मुख्य म्हणजे, अंबा.

हा अंबा म्हणजे कैरीचं पातळ, पिवळंजर्द, मेथीच्या वासाचं लोणचं. ते इराकला पोचलं ते आपल्याकडून. मुंबई आणि बसरा, बगदाद यांच्यामध्ये बगदादी ज्यूंचा मोठा व्यापार होता. डेव्हिड ससून यांचं घराणं एकोणिसाव्या शतकात मुंबईत येऊन राहिलं आणि व्यापारात मोठं झालं. कैरीचं लोणचं त्या जहाजांतून बगदादला गेलं, बगदादच्या घरांत मुरलं, तिथून माणसांबरोबर इस्रायलला गेलं. आज तेल अवीवमधला टपरीवाला साबीख देताना अंबा घालू का असं विचारतो. ताई म्हणते, तिथे पहिल्यांदा ती चव जिभेवर आली तेव्हा तिला रडू आलं, कारण आईच्या हातचं नसूनही ते ओळखीचं होतं. एवढी मोठी गोष्ट आपल्या वाचकांना सांगायची राहून जावी?

कृती सोपी आहे. मार्च-एप्रिलमध्ये वारा सुटला की हापूसच्या बागांत कच्च्या कैऱ्या गळतात. त्या स्वस्तात मिळतात. सालं काढून लांबट चिरायच्या, भरपूर मीठ आणि हळद लावून बरणीत तीन-चार दिवस ठेवायच्या, रोज हलवायच्या. सुटलेलं पाणी टाकायचं नाही. फोडी कापडावर पसरून दिवसभर उन्हात ठेवायच्या. भाजलेल्या मेथीची पूड, जिरेपूड, मोहरीची पूड, लाल तिखट आणि वाटलेला लसूण त्या मिठाच्या पाण्यात घालून एक उकळी काढायची, त्यात फोडी टाकून मऊ करायच्या, गार झाल्यावर मिक्सरला अर्धवट फिरवायच्या. मेथी सढळ हवी, तीच त्याची ओळख. तेलाची फोडणी नाही, हिंग नाही. आपल्या लोणच्यासारखं वर्षभर टिकणार नाही, फ्रिजमध्ये दोन महिने धरावं. वांगं भरताचं मोठं घ्या, चकत्यांना मीठ लावून अर्धा तास ठेवा, पाणी टिपून तळा, म्हणजे तेल कमी पितात. माझ्याकडे राहायला येणारी पुण्या-मुंबईची शाकाहारी मंडळी अंड्याऐवजी उकडलेला बटाटा घ्यायला सांगतात. तोही चांगला लागतो. साबीखमध्ये बटाटा तिकडेही घालतात.

हिरवी चटणी हवी असेल तर येमेनी ज्यूंची झ्खुग करा. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लसूण, जिरं आणि दोन-तीन वेलच्या, पाट्यावर वाटून. वेलची ऐकून नाक मुरडू नये. ती मिरचीला वेगळाच सुगंध देते. आमच्याकडे मासे तळले की मी आता हीच ठेवते.

लबनेचं तर आपण फारच अवघड करून ठेवलंत. लबने म्हणजे मीठ घातलेला चक्का. श्रीखंडाला बांधतो तसंच दही कापडात बांधून टांगायचं, साखरेऐवजी मीठ. थाळीत पसरून, चमच्याने खळगा करून, त्यात तेल आणि वर झातर. झातरचं पाकीट नसेल तर काय करायचं हे मात्र मी बरंच डोकं लावून शोधलं. झातर ही त्या डोंगरांवरची रानवनस्पती, तिच्या वासात थायमॉल असतं, आणि तेच आपल्या ओव्यातही असतं. पाकिटातल्या मिश्रणात तिच्याबरोबर भाजलेले तीळ आणि सुमाक नावाच्या आंबट लाल फळांची पूड असते. आंबट आणि लाल म्हटल्यावर कोकणात कुणी परदेशी पाकीट का शोधावं? आमसुलं कडकडीत उन्हात पुन्हा वाळवून, मीठ घालून खलबत्त्यात कुटली. ओवा हलका भाजून भरडला, बेताचाच, कारण तो झातरपेक्षा तिखट. तीळ भाजून घातले. ताईने बोट लावून चाखलं आणि जाताना बरणी भरून घेऊन गेली. आता अश्दोदमधल्या तिच्या इराकी शेजारणीला आमसूल माहीत झालं आहे.

मुलांचा खाऊ म्हणून आपण बाम्बाचा फोटो छापलात, पण त्याची गोष्ट सोडलीत. शेंगदाण्याच्या चवीचे हे मक्याचे फुगे ओसेम कंपनीने १९६४ साली काढले. सुरुवातीला चव चीजची होती आणि ती लोकांना आवडली नाही. शेंगदाण्याची आली आणि घरोघर गेले. इस्रायलमध्ये दात येण्याच्या वयापासून बाळांच्या हातात बाम्बा असतो. आता पुढचं ऐका, कारण प्रत्येक आईने ऐकण्यासारखं आहे. २००८ साली लंडनच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या ज्यू मुलांची आणि इस्रायलमधल्या मुलांची तुलना केली. शेंगदाण्याची ॲलर्जी इंग्लंडच्या मुलांत जवळजवळ दहापट निघाली. इंग्लंडमध्ये बाळांना शेंगदाण्यापासून दूर ठेवलं जायचं, इस्रायलमध्ये लवकर दिला जायचा. मग त्यांनी ज्यांना ॲलर्जीचा धोका जास्त अशा ६४० बाळांवर अभ्यास केला. काहींना लहानपणापासून नियमित शेंगदाणा दिला, बहुतेक बाम्बाच्या रूपात, आणि काहींना पाच वर्षांची होईपर्यंत अजिबात नाही. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. लवकर शेंगदाणा मिळालेल्यांत ॲलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी होती. त्यानंतर डॉक्टरांचे सल्लेच बदलले.

फुगे करायचं यंत्र घरात नसतं, पण ती चव येते. सोललेले भाजके शेंगदाणे तेल सुटेपर्यंत बारीक वाटायचे, मीठ घालायचं, थोडं तेल घालून कढईत सैल करायचं आणि त्यात कुरकुरीत भाजलेले कुरमुरे पटापट घोळायचे. ताटात पसरून गार करायचे. आमच्या शेजारची मुलं शाळेतून येताना दारात थांबतात. तान्ह्या बाळांना मात्र अख्खा दाणा आणि कुरमुरा कधीच देऊ नये, घशात अडकतो. त्यांना शेंगदाण्याची पेस्ट पेजेत किंवा नाचणीच्या सत्त्वात पातळ करून द्यावी, आणि बाळाला इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

बुरेकास मी घरी करत नाही. पापुद्रे लाटण्यात दिवस जातो आणि बेकरीतल्या पॅटिसला ते जवळचंच आहे. सुफगानियोत, म्हणजे हनुक्काच्या सणाला तळतात ते जॅम भरलेले गोल वडे, थंडीत एकदा तरी करते. आठ दिवस जळलेल्या तेलाच्या आठवणीचा तो सण, म्हणून तेलात तळलेलं खायचं. आणि आमच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल ओळखले जायचे ते शनवार तेली म्हणून. गावोगाव घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे.

उन्हाळ्यातला सर्वांत सोपा खाऊ सांगते. तिकडे समुद्रकिनाऱ्यावर लोक गार कलिंगड आणि खारट पांढरं चीज एकत्र खातात. आपल्याकडे भातानंतर कलिंगडाचे मळे होतात. पनीरचे तुकडे मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावे आणि कलिंगडाबरोबर द्यावे, वर पुदिन्याचं पान. कलिंगडाच्या आणि लाल भोपळ्याच्या बिया धुऊन, मिठाच्या पाण्यात उकळून, वाळवून भाजाव्या. इस्रायलमध्ये फुटबॉलचा सामना असो नाहीतर गप्पा, दातांत बिया फोडणं चालूच असतं.

शेवटचं गोड, आणि इथेच मला मुख्य मुद्द्याला यायचं आहे. मलाबी म्हणजे दुधात कॉर्नफ्लोअर शिजवून गार केलेली खीरवडी, गुलाबपाण्याची, वर लाल पाक, शेंगदाण्याचा चुरा, खोबऱ्याचा कीस. मांसाच्या जेवणानंतर ज्यू धर्मनियमाप्रमाणे दूध चालत नाही, म्हणून ती नारळाच्या दुधातही करतात. मी नारळाच्याच दुधात करते आणि वर कोकमाचा पाक घालते. ताईने ती खाऊन म्हटलं, "ही तर आईच्या हलव्याची धाकटी बहीण." तिच्या आईचा, आमच्या मावशींचा, चिकाचा हलवा. रोश हशानाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, तो व्हायचाच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळून चीक काढायचा, कुरडईला काढतात तसाच, तो निवळू द्यायचा. मग नारळाचं दूध आणि साखर घालून पातेल्यात ढवळत राहायचं. हात दुखून येतो. कडा सुटल्या की ताटात थापायचा, वर बदाम-पिस्ते आणि वेलची. दुधाचा थेंब नाही, तुपाचा नाही, तरी चमक तुपासारखी. आता बरेच जण चायना ग्रास घालून लवकर करतात. मावशींनी शेवटपर्यंत गहूच भिजवले.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा, शेजारी मांडलेली फळं. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेऊन, प्रार्थना म्हणून तो वाटला जातो. नवस फेडताना, साखरपुड्याला, नव्या घरात, परीक्षेत पास झाल्यावर. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात तिथे जाऊनही मलिदा करतात. पोहे आमचे, नारळ आमचा, प्रार्थना हिब्रू. इस्रायलमधल्या डिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद इथल्या आपल्या मंडळींच्या घरी आजही मलिदा होतो. मग तो इस्रायली खाऊ नाही का? तेल अवीवमध्ये साबीख इस्रायली झाला, कारण इराकी माणसांनी तो आणला. मग डिमोनातला मलिदाही तेवढाच इस्रायली आहे, आणि तो कोकणातून गेला आहे.

बेने इस्राएलांच्या सणांची जुनी नावंही खाण्यावरून होती. खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. उपास सोडताना बिरडं, तेही आमच्याच शेतातल्या कडव्या वालांचं. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे पूर्वज फुटलेल्या गलबतातून आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. रोहेकर, पेणकर, नवगावकर, चेऊलकर ही आडनावं इथल्या गावांची. अलिबागचं मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर १८४८ सालचं. २०१६ साली राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण आळीतली घरं एकेक करून बंद झाली आहेत. हलव्याला चीक किती, नारळाचं दूध किती, हे ज्यांच्या हाताला ठाऊक आहे अशा बायका आता फार थोड्या उरल्या आहेत आणि त्या वयस्कर आहेत. मावशी गेल्या तेव्हा त्यांच्या हाताचं प्रमाण कुणी लिहून घेतलेलं नव्हतं. ताई आणि मी दोघी आपापल्या आठवणीने करतो, आणि दोघींचा हलवा वेगळा होतो.

म्हणून माझी विनंती आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, ठाणे, मुंबई इथल्या बेने इस्राएल घरांत आपला प्रतिनिधी पाठवा. एक दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, वाटीने मोजून, कृती लिहून घ्या, आणि सांगणाऱ्या बाईंची हरकत नसेल तर त्यांच्या नावानिशी छापा. इस्रायलमध्ये असलेल्या मराठी मंडळींनाही पत्र पाठवायला सांगा, ती आपलं वर्तमानपत्र मोबाइलवर वाचतात. आणि हम्मस, साबीख, लबने पुन्हा छापाल तेव्हा सामान वाण्याकडचं लिहा.

रोश हशाना सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, तेव्हा चिकाच्या हलव्याला अजून अवकाश आहे. अंब्याला मात्र नाही. इथे मोहर गळून कैरी सुपारीएवढी झाली आहे. पाडव्याच्या आत ती कृती छापलीत तर या वर्षीच्या वाऱ्यात पडणाऱ्या कैऱ्या बायका फेकून देणार नाहीत.

कळावे,
आपली नियमित वाचक,
नागाव, ता. अलिबाग, जि. रायगड